सेनापती बापू गोखले : हरलेल्या घोडदळाची गोष्ट

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलवर रात्री जेवणानंतर इतिहासाचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. पहिलं रायगड आणि दुसरं पानिपत. त्यानंतर ती सुटते ती एकदम १८५७ लाच. मधल्या शंभरेक वर्षांचं काय? तर ‘१८१८ साली पेशवाई बुडाली’ एवढं एक वाक्य. कोणी बुडवली? दुसऱ्या बाजीरावानं. संपलं, फाइल क्लोज!

या एका वाक्याखाली एक माणूस दबून गेला आहे. त्याचे नाव नरहर गणेश ऊर्फ बापू गोखले, पेशव्यांचे शेवटचे सेनापती. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलांना ते भेटलेच तर इंग्रजी पुस्तकांत ‘गोकला’ या नावाने भेटतात. हा ‘गोकला’ म्हणजे आपल्या कोकणातले गोखले, हे कळायलाच वेळ लागतो. आणि कळल्यावर एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. हा माणूस इंग्रजांशी लढायच्या आधी त्यांच्या शेजारी उभा राहून लढला होता. इंग्रजांची फौज कशी चालते, कुठे थांबते, कशी मारते, हे त्या काळच्या फार थोड्या मराठी सरदारांनी इतक्या जवळून पाहिले असेल. मग तरीही ते हरले कसे?

‘फितुरी झाली’, ‘नशीब वाईट’, ‘बाजीराव पळपुटा’ ही उत्तरे तयारच असतात. पण आपण इंजिनीअरिंगची मुलं. मशीन बंद पडलं तर ‘नशीब’ असं उत्तर व्हायव्हात चालत नाही. कुठला पार्ट फेल झाला ते सांगावं लागतं. या लेखात मी तेच करून पाहणार आहे.

कोकणचा माणूस घोड्यावर

पहिली गंमत म्हणजे घोडदळाचा हा सेनापती मूळचा कोकणातला. विजयदुर्गाच्या बाजूचे तळेखाजण हे गोखल्यांचे मूळ गाव. बापूंचा जन्म १७७७ चा. आता आपला किनारा डोळ्यांसमोर आणा. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये खाड्या, खाजणं, भाताची खाचरं आणि जांभ्याचे सडे. इथे घोडा दौडवणार कुठे? म्हणूनच या पट्टीत सत्ता ज्यांची होती ते आंग्रे आणि जंजिऱ्याचे सिद्दी, दोघेही गलबतांच्या आणि किल्ल्यांच्या जोरावर उभे होते. घोडा हे घाटावरचे शस्त्र.

पण कोकणातली माणसे घाट चढून गेली आणि घोड्यावर बसली. याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द पेशव्यांचे. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे आजच्या आपल्या रायगड जिल्ह्यातले. त्यांचा मुलगा पहिला बाजीराव हिंदुस्थानातला नामांकित घोडदळाचा सेनानी झाला. त्याच वाटेने गोखलेही वर गेले. बापूंचे चुलते धोंडोपंत गोखले पेशव्यांतर्फे कर्नाटकात, धारवाडच्या बाजूला सरदार होते. बापू त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

इंग्रजांच्या शेजारी

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्या गोंधळात धोंडजी वाघ नावाचा एक धाडसी माणूस तुरुंगातून सुटला आणि त्याने हजारो स्वार जमवून कर्नाटकात धुमाकूळ घातला. जून १८०० मध्ये त्याने गोखल्यांच्या फौजेला गाठले. धोंडोपंत मारले गेले, बापू जखमी झाले. तेविसाव्या वर्षी, म्हणजे आपल्यातल्या काही ‘केटी’वाल्या सीनियर्सच्या वयात, चुलत्याची सरदारी आणि पराभव दोन्ही एकदम अंगावर आले.

धोंडजीचा पाठलाग इंग्रजांनाही करायचाच होता. त्यांचा सेनापती होता कर्नल आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. गोखल्यांचे स्वार या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूने उतरले. १० सप्टेंबर १८०० रोजी वेलस्लीने घोडदळाच्या चार रेजिमेंट एका ओळीत उभ्या करून धोंडजीवर थेट हल्ला चढवला आणि त्यात धोंडजी मारला गेला.

दोन वर्षांनी पुण्यात वेगळेच घडले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला तो आपल्याच भागात, घाट उतरून महाडकडे आणि तिथून समुद्रमार्गे वसईला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला आणि त्यांची फौज आपल्या खर्चाने पोसायचे कबूल केले. त्याला परत गादीवर बसवायला वेलस्ली निघाला तेव्हा बापू गोखले आणि दक्षिणेतले इतर सरदार त्याच्याबरोबर होते. शेवटच्या टप्प्यात वेलस्लीने आपले घोडदळ घेऊन ६० मैल अंतर ३२ तासांत तोडले आणि २० एप्रिल १८०३ ला पुणे गाठले. त्याच वर्षी शिंदे-भोसल्यांविरुद्ध झालेल्या युद्धातही गोखल्यांचे पथक इंग्रजांच्या बाजूला होते. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली तेव्हा वेलस्लीने मराठी आणि म्हैसूरच्या स्वारांना केळणा नदीच्या दक्षिणेला ठेवले आणि नदी ओलांडून मुख्य हल्ला आपल्या कवायती फौजेने केला.

इथे कुणी म्हणेल, ‘म्हणजे आधी इंग्रजांचाच माणूस की!’ तसे नाही. बापू पेशव्यांचे सरदार होते आणि पेशवा इंग्रजांचा दोस्त होता. मालक ज्या बाजूला, सरदार त्या बाजूला. शिवाय ‘आम्ही विरुद्ध इंग्रज’ असा सरळ हिशेब तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. शिंदे, होळकर, भोसले, पेशवे सगळे आपापली गणिते मांडत होते. आपण आज दोनशे वर्षांनी उत्तर बघून गणित सोडवतो, एवढाच फरक.

बापूंच्या कारकिर्दीत अवघड वाटणारी पानेही आहेत. साताऱ्याकडच्या प्रतिनिधींना त्यांच्या घरच्यांनीच कैदेत ठेवले होते. ताई तेलीण या बाईने त्यांना सोडवले आणि बंड उभे राहिले. ते मोडायला बाजीरावाने बापूंना पाठवले. प्रतिनिधी जखमी होऊन पकडले गेले, पण ताई तेलीण वासोट्याच्या किल्ल्यावरून आठ-एक महिने लढत राहिली. किल्ल्यावरच्या धान्यकोठाराला आग लागली तेव्हाच तो पडला. कोयनेच्या जंगलात घोडदळाचा उपयोग शून्य, हे बापूंना तिथे नक्कीच कळले असणार. या मोहिमेनंतर प्रतिनिधींच्या मुलखातून बापूंना पैसाही भरपूर मिळाला. माणूस शूर होता, पण संत नव्हता.

घोडा, संगीन आणि थोडं फिजिक्स

आता लढाईचे मशीन समजून घेऊ. जोरात दौडणारा घोडा सेकंदाला साधारण दहा मीटर जातो. त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरच्या आतच धड लागायचा. म्हणजे स्वाराला धोक्याचा पट्टा ओलांडायला दहा-बारा सेकंद पुरे. शिकलेला शिपाई मिनिटाला तीन गोळ्या झाडायचा, म्हणजे एक गोळी झाडून पुन्हा भरायला वीस सेकंद. हिशेब केला तर घोडदळ जिंकायला हवे. बरोबर?

नाही. एक तर ओळीतले सगळे शिपाई एकदम झाडत नाहीत. पाळीपाळीने झाडले की गोळीबार तुटत नाही. दुसरे म्हणजे, त्यातून वाचून घोडा अगदी जवळ पोचला तरी समोर खांद्याला खांदा लावून संगिनी रोखलेल्या असतात, आणि घोडा हा शहाणा प्राणी आहे. टोकदार भिंतीवर तो स्वतःहून जाऊन आदळत नाही, शेवटच्या क्षणी वळतो. म्हणून घोडदळाचा खरा घाव बसतो तो रांग तुटलेली असताना. समोरचे घाबरून पळाले, फुटले, वळताना सापडले, तर मग घोड्यासारखे शस्त्र नाही. म्हणजे आधी तोफांनी रांग फोडायची आणि मग घोडे घालायचे. तोफ, पायदळ आणि घोडदळ ही तीन चाके एका गिअरबॉक्समध्ये बसायला हवीत. नुसते एक चाक कितीही मजबूत असून चालत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र पैशाची आहे. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर, म्हणजे ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे तो, आणि शिलेदार, म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई तो. उत्तर पेशवाईत शिलेदारांवरच भिस्त फार होती. आता विचार करा. शिलेदाराचा घोडा हीच त्याची इस्टेट, तीच नोकरी आणि तेच कुटुंबाचे पोट. घोडा मेला की नोकरी गेली. भरपाई मिळेलच याची खात्री नाही, पगार महिनोन्‌महिने थकलेला. असा माणूस मुलूखगिरीला, पाठलागाला, शत्रूची रसद तोडायला एक नंबर. पण संगिनीच्या भिंतीवर घोडा घाल म्हटले तर तो दहा वेळा विचार करणारच. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण घरचा एकुलता एक ट्रॅक्टर कोण मुद्दाम भिंतीवर नेऊन आदळेल?

खडकी : ५ नोव्हेंबर १८१७

१३ जून १८१७ रोजी इंग्रजांनी बाजीरावावर पुण्याचा तह लादला. किल्ले गेले, मुलूख गेला, आणि मराठी सत्तेचा प्रमुख म्हणवण्याचा हक्कही सोडावा लागला. बाजीरावाने आतून युद्धाची तयारी सुरू केली आणि सगळी सूत्रे बापू गोखल्यांच्या हाती दिली. बापूंचे वय तेव्हा चाळीस.

५ नोव्हेंबरला दुपारी पुण्याबाहेर गणेशखिंड आणि खडकीच्या मधल्या माळावर दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. पेशव्यांकडे सुमारे १८,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ, तर इंग्रजांकडे जेमतेम २,८०० माणसे. बाजीराव पर्वतीवर बसून बघत होता. ऐन वेळी त्याचा धीर सुटला आणि ‘पहिली तोफ आपल्याकडून नको’ असा निरोप त्याने पाठवला. जासूद येताना दिसताच बापूंनी निरोप काय असणार ते ओळखले आणि तो पोचायच्या आत तोफांना बत्ती दिली! वरिष्ठांचा मेमो हातात पडायच्या आत काम सुरू करून टाकणारा हा माणूस मला इथे फार आवडतो. स्वतः घोड्यावरून रांगेरांगेत फिरत त्यांनी लोकांना हिंमत दिली.

नेमकी संधीही आली. इंग्रजांच्या सातव्या पलटणीतले शिपाई आवेशात आपली रांग सोडून पुढे धावले. रांग तुटली! बापूंना हेच हवे होते. सहा हजारांच्या आसपास निवडक स्वार जरीपटक्यासह त्यांच्यावर सुटले. इंग्रज कर्नल बर याने आपल्या लोकांना कसेबसे थांबवले आणि गोळी राखून ठेवायला सांगितले. मराठी स्वार भरधाव आले ते थेट दलदलीत. त्या पलटणीच्या समोरच्या जमिनीत दलदल होती आणि ती दोन्ही बाजूंना आधी दिसली नव्हती. पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि मग गोळीबार सुरू झाला. वेग अर्धा झाला की गतिज ऊर्जा पाव होते हे आपण अकरावीत शिकतो. चिखलात वेग शून्य झाल्यावर काय उरणार?

जरीपटका घेऊन लढणारे मोरोपंत दीक्षित त्या दिवशी पडले. मराठ्यांकडचे सुमारे ५०० लोक कामी आले किंवा जखमी झाले, इंग्रजांचे ८६. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. दापोडीला पेशव्यांच्या पगारावर उभी केलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक पूर्ण ब्रिगेड होती. मेजर फोर्डची ही ब्रिगेड लढाईच्या ऐन वेळी इंग्रजांना जाऊन मिळाली. खर्च पेशव्यांचा, हुकूम इंग्रजांचा! वसईच्या तहात पेरलेले असे उगवले.

पुढे १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ चकमक झाली आणि रात्रीतून बाजीराव पुणे सोडून निघाला. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

कोरेगाव : १ जानेवारी १८१८

यानंतरची लढाई सर्वांच्या परिचयाची आहे. शिरूरहून पुण्याकडे निघालेल्या कॅप्टन स्टाँटनच्या आठशेच्या आसपास लोकांनी भीमेकाठच्या कोरेगावात आश्रय घेतला आणि पेशव्यांच्या मोठ्या फौजेसमोर दिवसभर तग धरला. तांत्रिक कारण पुन्हा तेच. गावातल्या गल्ल्या, मातीच्या भिंती, घरे. तिथे घोडदळ बाहेर उभे राहण्यापलीकडे काय करणार? पेशव्यांकडून गावात घुसून लढले ते अरब आणि इतर पायदळ.

पण इथे फक्त तांत्रिक कारण देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टाँटनच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि तिथल्या विजयस्तंभावर त्यांची नावे आहेत. शिवकाळात किल्ल्यांच्या बंदोबस्तात महारांना जागा होती. उत्तर पेशवाईत अस्पृश्यता कडक झाली आणि त्यांच्या कर्तबगारीला वाव मिळाला तो मुंबई इलाख्याच्या फौजेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभाला भेट दिली आणि त्याच वर्षी २० मार्चला आपल्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. आपल्या हॉस्टेलमध्ये शेजारशेजारच्या दोन खोल्यांत या एकाच लढाईची दोन वेगळी रूपे घरून आलेली असतात. दोन्ही ऐकायला हवीत. बापूंच्या शौर्याचे कौतुक करताना, ज्या राज्यासाठी ते लढले त्याने आपलीच किती माणसे दाराबाहेर ठेवली होती, हेही मोजायला हवे. तोही एक फेल झालेला पार्टच, आणि कदाचित सर्वांत मोठा.

आष्टी : २० फेब्रुवारी १८१८

पुढचे दोन महिने बाजीराव पुढे आणि इंग्रज मागे असा पाठलाग चालला. पळता पळता पिछाडी सांभाळायचे काम बापूंचे. हलक्या मराठी घोडदळाला हे काम उत्तम जमे. जनरल स्मिथने शेवटी सामान आणि तोफखान्याचे ओझे कमी करून वेगाने हालचाल सुरू केली, म्हणजे मराठ्यांचीच पद्धत उचलली म्हणा ना! पंढरपूरच्या बाजूला आष्टी (याला गोपाळ आष्टीही म्हणतात) येथे २० फेब्रुवारीच्या सकाळी त्याने पेशव्यांचा तळ बेसावध गाठला.

शत्रू इतका जवळ आलाच कसा, असे बाजीरावाने बापूंना टोचून विचारले. बापूंनी पिछाडी राखायचा शब्द दिला. बाजीराव पालखीतून उतरला, घोड्यावर बसला आणि निघून गेला. बापू थांबले. त्यांच्याजवळ उरले होते काहीशे स्वार. समोर इंग्रजांचे बाविसावे ड्रॅगून, मद्रासचे सातवे घोडदळ आणि शिवाय पुण्यात भरती केलेले देशी स्वार.

आणि इथे बापूंचे सतरा वर्षांचे शिक्षण दिसते. त्यांनी समोरून धडक मारली नाही. मद्रासचे घोडदळ नाला ओलांडून रांग नीट करत होते तो क्षण त्यांनी पकडला आणि इंग्रजांच्या तोंडासमोरून तिरपे दौडत जाऊन त्याच्या उजव्या बगलेवर घाव घातला. रांग जुळायच्या आत, बाजूने, पूर्ण वेगात. पुस्तकात उदाहरण म्हणून द्यावा असा हल्ला होता तो. त्या बाजूला गडबड उडाली आणि खुद्द जनरल स्मिथच्या डोक्याला जखम झाली. पण काहीशे स्वारांचा हल्ला एकदाच होतो. दुसरी फळी मागे नव्हती. ड्रॅगूनची एक तुकडी वळून मराठी स्वारांवर तुटून पडली आणि त्या झटापटीत बापू गोखले गोळ्या आणि तलवारीचे वार झेलत पडले. वय एक्केचाळीसच्या आत-बाहेर.

त्या सकाळी आणखी एक मोठी गोष्ट घडली. पेशव्यांनी बरोबर ठेवलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. ज्यांच्या नावाने राज्य चालत होते ते छत्रपतीही आता पेशव्यांकडे उरले नाहीत आणि सेनापतीही. यानंतर राहिला तो फक्त पाठलाग.

आणि आपला रायगड

घाटावर हे चालू असताना आपल्या कोकणात कर्नल प्रॉथर किल्ले घेत फिरत होता. कर्नाळा, तळा, घोसाळा, मानगड एकामागून एक पडले. एप्रिलच्या अखेरीस तो रायगडाखाली आला. गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. पायथ्याकडून उखळी तोफांचा मारा सुरू झाला. गडावरच्या वाड्यांना मोठी आग लागली आणि १० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या ताब्यात गेला. आज आपण गडावर जी जळकी, उघडी जोती बघतो आणि त्यावर बसून फोटो काढतो, त्यामागे हाही एक मे महिना आहे. श्रीवर्धनहून निघालेल्या घराण्याची गोष्ट श्रीवर्धनच्याच जिल्ह्यात जवळजवळ संपली. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला.

मग फेल काय झालं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शौर्य कमी होते का? आष्टी बघा. ज्ञान कमी होते का? खडकीला तुटलेली रांग ओळखणारा आणि आष्टीला बगल पकडणारा माणूस अडाणी नव्हता. घोडे वाईट होते? स्वार वाईट होते?

याचे उत्तर एका रेजिमेंटच्या इतिहासात सापडते. पुण्याच्या तहाने बाजीरावाला इंग्रजांच्या हुकमातल्या देशी घोडदळाचा खर्च द्यावा लागला. त्यातून १८१७ मध्ये ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ उभे राहिले. कोरेगावला स्टाँटनबरोबर होते ते हेच आणि आष्टीला स्मिथबरोबर होते तेही हेच. पद्धत कोणती? तर शिलेदारीच! स्वार याच मुलखातले, घोडा स्वतःचा. इंग्रजांनी ‘शिलेदार’ हा शब्दसुद्धा उचलला आणि पहिल्या महायुद्धानंतर बंद होईपर्यंत त्यांच्या अनेक घोडदळ पलटणी ‘सिलादार’ म्हणूनच ओळखल्या जात.

म्हणजे कच्चा माल सारखाच होता. बदलली ती सिस्टीम. पगार ठरल्या वेळी. हुकूम एकाचा, आणि लढाईच्या मध्यात पर्वतीवरून निरोप नाही. शेजारी पायदळ आणि तोफा एकाच योजनेत. पुढे या पलटणींत ‘चंदा फंड’ सुरू झाला. प्रत्येक स्वाराने त्यात दरमहा थोडी रक्कम भरायची आणि कुणाचा घोडा मेला की त्या फंडातून त्याला दुसरा मिळवून द्यायचा. आपल्या मेसच्या कॉन्ट्रिब्युशनसारखंच, फरक इतकाच की त्यांचे लोक वेळेवर भरत असावेत! एवढ्या साध्या सोयीने स्वाराच्या मनातली सर्वांत मोठी भीती कमी झाली. घोडा गेला तरी घर उपाशी राहणार नाही, हे माहीत असलेला माणूस वेगळ्या हिमतीने दौडतो.

मला वाटतं, बापूंची खरी शोकांतिका ही आहे. त्यांनी इंग्रजांची लढाई पाहिली आणि ते ती शिकलेही. पण लढाईच्या मागचा पगारपत्रक, रसद, भरपाई, हुकमाची साखळी हा सगळा न दिसणारा भाग एकटा सेनापती उभा करू शकत नाही. तो राज्याने उभा करायचा असतो. शेवटच्या दिवशी एका हुशार माणसाच्या हाती सगळी सूत्रे देऊन मागच्या वीस वर्षांचा आळस भरून निघत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपमधल्या एकाच पोराकडून सगळा प्रोजेक्ट करून घेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ची परंपरा सांगणारी ‘पूना हॉर्स’ आज भारतीय सैन्याची रणगाडा रेजिमेंट आहे. घोडे गेले आणि सेंचुरियन रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते याच रेजिमेंटमध्ये. खेत्रपाल पडले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. जी पलटण एकेकाळी बापूंच्या समोर उभी होती, ती आज आपली आहे. इतिहासाला इतकी सरळ बाजू नसते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी ‘बाजीरावाने पेशवाई बुडवली’ असे एका वाक्यात उडवून दिले, तर त्याला एवढंच विचारा : शिलेदाराचा घोडा मेल्यावर त्याला दुसरा कोण देणार होतं?